पेट्रोलला अंक देणारे रसेल मार्कर

जुनी मोटारगाडी बाळगणाऱ्या आपल्या बांधवांना हा आवाज चांगला परिचयाचा आहे. पोर्ट लुईहून निघून क्युर्पिपचा चढ लागला, वरच्याच गिअरमध्ये पाय दाबला, की बॉनेटखाली डब्यात खडे खळखळावेत तशी टकटक सुरू होते. मेकॅनिक म्हणतो, इंजिन नॉक करते आहे. मग कोणी पेट्रोलला दोष देतो, कोणी गाडीच्या वयाला. पेट्रोलचा ऑक्टेन अंक म्हणून जो ९५ वगैरे आकडा सांगितला जातो, तो ही टकटक सोसण्याच्या शक्तीचेच माप आहे. ते माप घडविण्यात ज्यांचा हात होता, त्या रसेल अर्ल मार्कर यांचे चरित्र मोठे विलक्षण आहे.

मार्कर यांचा जन्म १२ मार्च १९०२ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, हेगर्सटाउन गावाजवळ एका शेतकरी घरात झाला. मेरीलँड विद्यापीठातून १९२३ साली बी. एस. आणि पुढच्याच वर्षी एम. एस. झाल्यावर त्यांनी डॉक्टरेटचे संशोधनही पुरे केले. पदवीसाठी भौतिक रसायनाचे काही वर्ग भरणे तेवढे बाकी होते. तो विषय आपल्याला येतो, पुन्हा वर्गात बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे या तरुणाचे मत. मार्गदर्शक प्राध्यापक खराश यांनी बजावले की अशाने जन्मभर लघवी तपासत बसावे लागेल. मार्कर यांनी ऐकले नाही. १९२५ साली ते पदवीवाचूनच बाहेर पडले. हट्टच तो, पण त्यांच्या आयुष्यातले पुढचे प्रत्येक वळण याच हट्टाने घेतलेले दिसते.

त्यानंतर ते एथिल कॉर्पोरेशनमध्ये लागले. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून नॉकिंग थांबविण्याचा उद्योग या कंपनीने मांडला होता. पण कोणते पेट्रोल किती नॉक करते, हे मोजायला पक्के माप नव्हते. सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने पसरत जाते. ती पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटले, की धक्का बसतो. तोच तो आवाज. पेट्रोलमधल्या कार्बनच्या साखळ्या सरळ असतील तर हे लवकर घडते, फांद्या फुटलेल्या असतील तर उशिरा. मार्कर यांनी तेथे शुद्ध हायड्रोकार्बन तयार करून त्यांचा अभ्यास केला. सहज नॉक होणाऱ्या हेप्टेनला शून्य आणि फांद्यांच्या आयसो-ऑक्टेनला शंभर, असे माप ठरले. शुद्ध हेप्टेन मिळे ते कॅलिफोर्नियातल्या एका जातीच्या पाइन वृक्षाच्या चिकापासून! १९२७ साली यावरचा लेख प्रसिद्ध झाला तो ग्रॅहम एडगर यांच्या नावाने. काही चरित्रकार मात्र श्रेय मार्कर यांना देतात. दोघेही एकाच कंपनीतले, तेव्हा श्रेयाची काटेकोर वाटणी करणे आता कठीण.

म्हणजे ९५ अंकाचे पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागते. त्या अंकाचा ताकदीशी संबंध नाही. जी गाडी नॉक करत नाही, तिला महागडे पेट्रोल पाजून काही लाभ नाही. आणि जी करते, तिचे आधी घर तपासावे. चढावर ॲक्सिलरेटर सैल करताच आवाज थांबला, तर तो नॉकिंगचा समजावा. भार असो वा नसो, इंजिनच्या वेगाबरोबर वाढत राहिला तर टॅपेट किंवा बेअरिंग पाहावे, पेट्रोलला बोल लावू नये. नॉकिंगच असेल तर प्रथम टायमिंग. डिस्ट्रिब्युटर जरासा मागे फिरवताच आवाज गेला, की अर्धा रोग सापडला. मग रेडिएटर, कारण तापलेले इंजिन लवकर नॉक करते. चावी काढल्यावरही इंजिन धडधडत राहत असेल तर आत काजळी साचली असण्याचा संभव मोठा. गाडी ओढत नाही आणि कार्बोरेटरमधून फटफट उलटे ठसके येतात, तेव्हा मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे: जेटमध्ये कचरा, फिल्टर तुंबलेला, नाहीतर गॅस्केटमधून हवा शिरते. हे सारे ठीक असून नव्या पंपावर टाकी भरल्यापासूनच टकटक लागली असेल, तरच पेट्रोलवर संशय घ्यावा. दुखणे अंगावर मात्र काढू नये. सततच्या नॉकिंगने पिस्टन फुटतो.

एथिल सोडून मार्कर १९२८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. वनस्पतींपासून हार्मोन काढण्याची त्यांची कल्पना तेथे मान्य होईना. तेव्हा अर्ध्याहून कमी पगारावर ते १९३५ साली पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेजला आले. पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजमुळेच त्या गावाला ते नाव पडले. कॉलेजचे विद्यापीठ १९५३ साली झाले. (आपली मुले तेथे शिकायला गेली तर पंपावर ८७ अंक पाहून चकित होतील. पेट्रोल हलके नसते. अमेरिकेत दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, म्हणून आकडा चार-पाचाने खाली दिसतो.)

डीन व्हिटमोर यांच्या पाठिंब्याने मार्कर तेथे प्रोजेस्टेरॉनमागे लागले. आधी गाभण घोड्यांच्या मूत्रावरच प्रयोग करावे लागले, तेव्हा खराश यांचे भाकीत काही अंशी खरे ठरले म्हणायचे! मग त्यांची दृष्टी वनस्पतींकडे वळली. १९४२ साली मेक्सिकोतून, आपल्या कोनफळ-करांद्याच्याच कुळातला एक जंगली कंद त्यांनी आणला. त्यातून हार्मोन निघेल हे पटूनही औषध कंपनी पैसा घालेना. मार्कर यांनी स्वतःची शिल्लक मोडली, दहा टन कंद जमविला आणि तीन किलो प्रोजेस्टेरॉन तयार केले. त्या काळी एका ग्रॅमचा भाव होता सुमारे ८० डॉलर. प्राध्यापकी सोडून १९४४ साली ते मेक्सिकोत सिंटेक्स कंपनीच्या स्थापनेत सामील झाले, आणि पुढच्याच वर्षी पैशाच्या वादातून बाहेर पडले. गर्भनिरोधक गोळीसाठी लागणारे संयुग त्याच कंपनीत १९५१ साली तयार झाले, तेव्हा मार्कर तेथे नव्हते.

१९४९ साली त्यांनी आपल्या नोंदी नष्ट करून रसायनशास्त्रच सोडले. पुढे जुन्या चांदीच्या भांड्यांच्या प्रतिकृती करवून विकण्याचा व्यवसाय केला. ३ मार्च १९९५ रोजी ते वारले. अमेरिकन केमिकल सोसायटीने १९९९ साली ऐतिहासिक ठेवा म्हणून त्यांच्या कार्याचा गौरव केला, तो हार्मोनसाठी.