नऊ महिने आणि सात दिवस

आपल्याकडे बाळ नऊ महिने नऊ दिवस पोटात राहतं असं म्हणतात. दवाखान्यात डॉक्टर मात्र पाळीची तारीख विचारतात, बोटांवर हिशेब करतात आणि बाळंतपणाची तारीख कागदावर लिहून देतात. हा हिशेब नऊ महिने आणि सात दिवसांचा असतो. ज्यांच्या नावानं तो जगभर ओळखला जातो, ते जर्मन डॉक्टर फ्रान्झ कार्ल नेगेले.

त्यांचा जन्म 1778 साली ड्युसेलडॉर्फ शहरातला. वैद्यकीचं शिक्षण घेऊन काही वर्षं त्यांनी बार्मेन गावात डॉक्टरकी केली. 1807 मध्ये ते हायडेलबर्गच्या विद्यापीठात शिकवायला आले आणि 1810 पासून तिथल्या प्रसूतिगृहाचे प्रमुख झाले. त्यांचे सासरे फ्रान्झ अँटोन माय हेही डॉक्टर, सुईणींना शिकवणारे. जावयानंही तीच वाट धरली. त्या काळी बहुतेक बाळंतपणं घरीच आणि सुईणीच्याच हातून होत. त्यामुळे सुईण जाणती झाली तर बाया वाचतील, हे नेगेल्यांना पटलेलं होतं. 1830 साली त्यांनी खास सुईणींसाठी पाठ्यपुस्तक लिहिलं. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

पण दिवस कधी राहिले हे ओळखायचं कसं? नेगेल्यांनी हा हिशेब 1812 च्या सुमारास मांडला, तेव्हा स्त्रीबीज कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं! सस्तन प्राण्यांचं बीज फॉन बेअर या शास्त्रज्ञाला दिसलं ते 1827 साली. मग हाताशी खात्रीची खूण एकच उरत होती, ती म्हणजे पाळी कधी आली होती हे त्या बाईनं स्वतः सांगणं. हॉलंडचे डॉक्टर बोरहाव्ह यांनी त्यांच्याही आधी असाच हिशेब सांगितला होता. नेगेल्यांनी तो त्यांच्याच नावानिशी पुढे आणला. पाळीच्या तारखेतून तीन महिने मागे जायचं आणि सात दिवस मिळवायचे. म्हणजे पाळी 10 जूनला आली असेल, तर बाळंतपणाची तारीख पुढच्या वर्षीची 17 मार्च. झाले 280 दिवस. मोजणी पाळीच्या पहिल्या दिवसापासून करायची की शेवटच्या, हे मात्र त्यांच्या लिखाणात स्पष्ट नव्हतं. पहिला दिवस धरायची पद्धत नंतर रूढ झाली.

नेगेल्यांचं काम एवढ्यावर थांबलं नाही. काही बायकांच्या ओटीपोटाची हाडं एका बाजूला तिरपी असतात आणि त्यामुळे बाळ अडतं, हे त्यांनी 1839 साली पुस्तक लिहून दाखवून दिलं. त्यांचा मुलगाही प्रसूतिशास्त्राचा डॉक्टर झाला. 1851 मध्ये हायडेलबर्गलाच नेगेल्यांचं निधन झालं.

मैत्रिणींनो, या हिशेबातली एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात माहीत हवी. मोजणी पाळीपासून सुरू होते, पण गर्भ राहतो तो साधारण दोन आठवड्यांनंतर. हे गणित 1920 नंतरच्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या डॉक्टरांनी उलगडलं. म्हणून लग्नाला पाच आठवडे झालेले असताना कागदावर सहा आठवडे लिहून आले, तर त्यात काही वावगं नाही. गर्भ प्रत्यक्षात चारच आठवड्यांचा असतो. हे ठाऊक नसलं की सासरी भुवया उंचावतात, कुजबुज सुरू होते आणि काहीही चूक नसताना नव्या सुनेला मान खाली घालावी लागते. असा कागद हातात आला तर नवऱ्याला आणि सासूबाईंना हा हिशेब नीट समजावून सांगा. गरज वाटली तर डॉक्टरांनाच सांगायला लावा.

दुसरं असं, की हा हिशेब 28 दिवसांनी नियमित येणाऱ्या पाळीचा आहे. पाळी 35 दिवसांनी येत असेल तर तारीख आठवडाभर पुढे जाते. पाळी अनियमित असेल, बाळ अंगावर पीत असताना दिवस राहिले असतील किंवा गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील, तर हा हिशेब चुकू शकतो. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जास्त भरवशाची. आणि नेमक्या दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. त्यामुळे तारीख दोन-चार दिवस पुढे गेली म्हणून घाबरू नका, पण दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. पोटात दुखायला लागलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तारखेची वाट बघत बसू नका.

आजही डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो आणि त्याचं उत्तर आपल्याकडेच असतं. म्हणून पाळी आली की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. घरात लेक वयात आली असेल, तर तिलाही ही सवय लावा.