खुलताबादची उघडी कबर

खुलताबादला हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात एक कबर आहे. वर घुमट नाही, छप्पर नाही. मातीत सब्जाचं रोप. बाजूची संगमरवरी जाळी फार नंतरची, निजामाच्या काळातली. ही औरंगजेब बादशाहची कबर. गेल्या वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, ती उखडून टाका अशी मागणी झाली, विधानसभेत गदारोळ झाला, नागपूर पेटलं आणि एकाचा जीव गेला. तेव्हा हा माणूस नेमका कोण होता, हे आपण आपल्या मुलांना नीट सांगायला हवं.

१६१८ साली दाहोदला जन्म. दोनदा दख्खनचा सुभेदार. १६५८ मध्ये बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कैद करून तख्त घेतलं. दारा आणि मुराद या सख्ख्या भावांना पुढे मारलं. काशीचं मंदिर पाडलं, १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लावला. काही मंदिरांना जमिनीही दिल्या, पण त्याने पहिली गोष्ट पुसली जात नाही. १६८१ ला दख्खनेत उतरला तो दिल्लीला परतलाच नाही. विजापूर आणि गोवळकोंडा ही त्याने बुडवलेली राज्यं मुसलमानांचीच होती, हे कुणी भाषणात सांगत नाही. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं. याची वकिली आम्ही करणार नाही, आणि त्याचा हिशेब आमच्या पोरांकडे मागायचंही कारण नाही.

१७०७ मध्ये अहमदनगरजवळ, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. टोप्या शिवून मिळालेल्या पैशातून कफन करावं, कबर उघडी ठेवावी, असं त्याने सांगून ठेवल्याचं मानतात. ज्याने स्मारक मागितलंच नाही, त्याच्याच कबरीवर आज राजकारण चाललंय!

आणखी एक गोष्ट. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज अठरा वर्षं मोगलांच्या कैदेत होते. सुटल्यावर ते खुलताबादला या कबरीपाशी गेल्याचं इतिहासकार नोंदवतात. ज्यांच्या वडिलांना मारलं, त्यांनी ही कबर तशीच राहू दिली.

कबर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. मार्चमध्ये तिच्याभोवती पत्रे आणि काटेरी तार लागली, दाराशी पोलीस बसले. झळ बसली ती दर्ग्याबाहेर फुलं विकणाऱ्यांना. त्यात मुसलमान आहेत, हिंदूही.