बाहुलीची आई : रूथ हँडलर

अमेरिकेतील डेन्व्हर शहरी ४ नोव्हेंबर १९१६ रोजी, पोलंडहून येऊन स्थायिक झालेल्या एका ज्यू कुटुंबात रूथचा जन्म झाला. दहा भावंडांतील ती धाकटी. वडील लोहारकाम करीत. आईची प्रकृती ठीक नसे, म्हणून अवघ्या सहा महिन्यांच्या रूथला थोरली बहीण सेरा हिने आपल्या घरी नेऊन वाढविले. सेराचे औषधांचे दुकान होते. बाहुल्या खेळण्याच्या वयात रूथ त्या दुकानात रमली. बाई माणसाने कमवावे यात वावगे काही नाही, हा धडा तिला तेथेच मिळाला.

१९३८ साली तिने एलियट हँडलर या चित्रकलेच्या विद्यार्थ्याशी लग्न केले आणि दोघांनी लॉस एंजेलिसला बिऱ्हाड थाटले. एलियट वस्तू घडवी आणि रूथ त्या विकी. १९४५ मध्ये हॅरॉल्ड मॅटसन या मित्राच्या भागीदारीत त्यांनी धंदा काढला. ‘मॅट’ आणि ‘एलियट’ ही नावे जोडून कंपनीचे नाव ठेवले ‘मॅटेल’. विक्रीचा सारा भार जिच्या शिरावर, तिच्या नावाचे एक अक्षरही त्यात नव्हते! आरंभी तसबिरींच्या चौकटी, मग बाहुलीघरातील टेबल-खुर्च्या आणि नंतर खेळणी, असा धंदा वाढत गेला. १९५५ मध्ये मुलांच्या एका दूरदर्शन-कार्यक्रमात वर्षभर जाहिरात करण्यासाठी या दांपत्याने पाच लाख डॉलर लावले. ही रक्कम कंपनीच्या एकूण पुंजीएवढी होती. खेळण्याची जाहिरात आईबापांना न दाखविता थेट मुलांना दाखवायची, ही रीत येथून रुळली.

रूथबाईंची मुलगी बार्बरा मैत्रिणींबरोबर कागदी बाहुल्या खेळत असे. त्या बाहुल्या मोठ्या बायकांच्या असत. त्यांना कपडे चढवीत मुली आपल्या पुढच्या आयुष्याच्या गोष्टी रचीत. दुकानात मात्र मिळत तान्ह्या बाळांच्या बाहुल्या. त्यांच्याशी खेळायचे म्हणजे आई व्हायचे, दुसरे काही नाही. आपल्या भातुकलीतही वेगळे काय असते? मुलींना मोठेपणाची स्वप्ने पाहता येतील अशी बाहुली हवी, असे रूथबाईंच्या मनाने घेतले. वक्षस्थळ असलेली बाहुली कोणती आई विकत घेईल, असा आक्षेप कंपनीतील पुरुषांनी घेतला.

१९५६ साली स्वित्झर्लंडच्या प्रवासात त्यांना ‘लिली’ ही जर्मन बाहुली दिसली. एका वृत्तपत्रातील व्यंगचित्रमालिकेच्या नायिकेवरून ती घडविलेली होती आणि मुख्यत्वे प्रौढ पुरुषांच्या गमतीसाठी विकली जात होती. रूथबाईंनी ती घरी आणली, तिच्यात फेरफार करविले, जपानात उत्पादनाची सोय केली आणि मुलीचेच नाव देऊन ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात ‘बार्बी’ मांडली. व्यापाऱ्यांनी नाके मुरडली; पण पहिल्याच वर्षी सुमारे तीन लाख बाहुल्या खपल्या.

साडेअकरा इंचांची ही बाहुली माणसाच्या एक षष्ठांश प्रमाणात धरली, तर तिची उंची पाच फूट नऊ इंच भरते. १९६५ मध्ये तिच्या एका संचात वजनाचा छोटा काटा आला. तो ११० पौंडांवर, म्हणजे पन्नास किलोंवर कायम अडकविलेला होता. एवढ्या उंचीच्या स्त्रीचे एवढेच वजन असेल, तर कोणताही डॉक्टर तिला कृश ठरवील. सोबत वजन उतरविण्याचे चिमुकले पुस्तकही होते आणि त्यातील सल्ला एवढाच, की खाऊ नका. नवल असे, की त्याच वर्षी बार्बी अंतराळवीरही झाली, माणूस चंद्रावर उतरण्याच्या चार वर्षे आधी! मुलीने काय व्हावे याला मर्यादा नाही. कशी दिसावी याला मात्र एकच माप. या बाहुलीने दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकविल्या.

१९७० साली रूथबाईंना स्तनाचा कर्करोग झाला आणि डावा स्तन काढावा लागला. दुकानात मिळणारे कृत्रिम स्तन बेढब असत. डाव्या-उजव्याचा भेदही त्यांत नसे. आपल्याच शरीराची लाज वाटणे म्हणजे काय, हे त्यांना आता कळले. त्यातच कंपनीच्या हिशेबातील गैरप्रकार उघडकीस आले आणि १९७५ मध्ये त्यांना मॅटेल सोडावी लागली. १९७८ मध्ये खटला झाला. त्यांनी आरोपांचा प्रतिवाद केला नाही. ५७ हजार डॉलर दंड आणि अडीच हजार तास समाजसेवा अशी शिक्षा त्यांनी भोगली.

तरी त्या खचल्या नाहीत. १९७६ पासून त्यांच्या नव्या कंपनीचे कृत्रिम स्तन बाजारात आले. डावे निराळे, उजवे निराळे, आणि अनेक मापांचे. त्या स्वतः दुकानोदुकानी जाऊन शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना योग्य माप बसवून देत. जगभरच्या मुलींपुढे एकच माप ठेवणाऱ्या बाई आता प्रत्येक स्त्रीचे माप वेगळे घेत होत्या.

बार्बीवरील टीका त्यांनी अखेरपर्यंत मानली नाही. स्त्रीला निवड करता येते हेच आपली बाहुली सांगते, अशी त्यांची श्रद्धा होती. २७ एप्रिल २००२ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. पुढे २००६ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींची पाहणी प्रसिद्ध केली. बार्बीची चित्रे पाहिलेल्या लहान मुलींना आपले शरीर कमी आवडू लागले आणि अधिक बारीक व्हावेसे वाटू लागले. त्यांतल्या थोरल्या मुलींवर मात्र असा परिणाम आढळला नाही. म्हणजे जे वय बाहुली छातीशी धरून झोपण्याचे, त्याच वयात घाव खोल जातो. २०१६ साली मॅटेलने उंच, ठेंगण्या आणि भरल्या अंगाच्या बार्बी बाजारात आणल्या. जी गोष्ट रूथबाईंना चाळीस वर्षांपूर्वी आजारपणाने शिकविली होती, ती त्यांच्या बाहुलीपर्यंत पोहोचायला इतका काळ लागला.