नाडीच लागत नाही! डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव मिळालेला धमन्यांचा दुर्मिळ आजार काय आहे?

धाप लागते, ताप येतो-जातो, वजन घटतं. वय जेमतेम पंचविशी. अशा काही रुग्णांच्या फाइलवर शेवटी एक जपानी नाव येतं, ताकायासू. कोण होते ते?

डोळ्यांचे डॉक्टर
मिकितो ताकायासू यांचा जन्म १८६०चा, जपानमधल्या सागा भागातला. टोकियोत शिकून ते कानाझावा इथे नेत्रविकाराचे प्राध्यापक झाले.

१९०८ मध्ये काय घडलं?
जपानी नेत्रतज्ज्ञांच्या वार्षिक सभेत त्यांनी विशीतल्या एका तरुणीची केस मांडली. तिच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं माळेसारखं कडं तयार झालं होतं. ओनिशी आणि कागोशिमा या डॉक्टरांनीही असेच रुग्ण पाहिले होते. त्यांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती. मात्र मूळ दुखणं मोठ्या धमन्यांच्या सुजेत आहे, हे शवविच्छेदनातून पुढे आलं १९४० मध्ये. ताकायासू १९३८ मध्येच वारले होते.

फुफ्फुसांचा संबंध काय?
या आजारात महाधमनी आणि तिच्या फांद्यांची भिंत सुजते, जाड होते, आतली वाट अरुंद होते. काहींमध्ये फुफ्फुसांकडे रक्त नेणारी धमनीही सापडते. मग धाप लागते, छातीत दुखतं, कधी खोकल्यातून रक्त पडतं. त्यामुळे आधी टीबीचा किंवा रक्ताच्या गुठळीचा संशय येतो आणि खरं निदान लांबतं.

निदान कसं होतं?
ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्या सूज दाखवतात, पण त्या नॉर्मलही येऊ शकतात. सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत धमनीची भिंत आणि अरुंद जागा दिसते. टूडी इकोतून फुफ्फुसातल्या दाबाचा अंदाज येतो. चंदीगडच्या पीजीआयमधील डॉ. बी. के. शर्मा यांनी १९९०च्या दशकात सुधारलेल्या निकषांत फुफ्फुसाच्या धमनीतला बिघाडही मोजला जातो. उपचार स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांचे असतात.

हिंगोलीकरांनी काय लक्षात ठेवावं?
सेनगाव, औंढा किंवा कळमनुरीतल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात सीटी मशीन नसेल, पण बीपीचं यंत्र असतं. तरुण वयात, विशेषतः मुलींमध्ये, धाप आणि थकवा हटत नसेल तर दोन्ही हातांचा बीपी मोजायला सांगा. १० पेक्षा जास्त फरक वारंवार दिसला किंवा एका मनगटाची नाडी मंद लागली, तर मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडे जा. टीबीची औषधं सुरू असतील तर मात्र ती स्वतःहून बंद करू नका.