अंगठा न दिलेला एकलव्य

स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की आपल्यातल्या इलेक्ट्रिक गिटारवाल्या मित्रांत एक वाद हमखास रंगतो. तो डाव्या हाताबद्दल नसतो. डाव्या हाताने कुठे काय दाबायचे ते पुस्तकात सापडते. भांडण असते ते तार छेडणाऱ्या उजव्या हाताचे. चिमटीतली त्रिकोणी चकती (तिला पिक म्हणतात, आपण सतारीच्या भाषेत नखी म्हणू) कशी धरावी, मनगट हलवावे की कोपर, आघात नुसता खाली करावा की खाली-वर आलटून पालटून? या वादात ज्याचे नाव सर्वांत आधी निघायला हवे आणि क्वचितच निघते, तो म्हणजे अमेरिकन जाझ वादक वेस माँटगोमेरी. त्याने नखी कधी धरलीच नाही असे नाही. धरली, आणि खाली ठेवली. पुढे आयुष्यभर तो उघड्या अंगठ्याने वाजवत राहिला.

जॉन लेस्ली माँटगोमेरी हे त्याचे पूर्ण नाव. जन्म ६ मार्च १९२३ चा, इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहरातला. घरात संगीत होते. थोरला भाऊ मंक पुढे बास वाजवू लागला, धाकटा बडी पियानो आणि व्हायब्राफोन. वेस बारा वर्षांचा असताना मंकने गहाणवटीच्या दुकानातून चार तारांची एक टेनर गिटार आणून दिली. त्या गिटारीवर त्याने काही मोठे दिवे लावले नाहीत. सहा तारांची गिटार त्याने हाती घेतली ती विशीच्या सुमारास, म्हणजे नामवंत वादक ज्या वयात मैफली गाजवू लागतात त्या वयात. निमित्त झाले एका तबकडीचे. बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण इलेक्ट्रिक गिटार वाजवीत असे. त्याची ‘सोलो फ्लाइट’ ही रचना वेसच्या कानी पडली. ख्रिश्चन १९४२ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने वारला होता. भेटीचा प्रश्नच नव्हता.

वेसचे लग्न १९४३ मध्ये झाले. नव्या संसारात त्याने गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि तबकडी पुन्हा पुन्हा लावून ख्रिश्चनचे वादन स्वर न स्वर उतरवून घेतले. लिहून नव्हे, स्वरलेखन त्याला वाचता येत नव्हते, अखेरपर्यंत आले नाही. गावातल्या एका क्लबात त्याला काम मिळाले तेही या पाठांतरावर. ख्रिश्चनचे तुकडे तो जसेच्या तसे वाजवी आणि ते संपले की गिटार खाली ठेवून गप्प बसे, कारण त्यापलीकडचे काही येतच नव्हते! आपल्याला येथे एकलव्य आठवल्यावाचून राहत नाही. मातीच्या पुतळ्याच्या जागी तबकडी, एवढेच. मात्र या गोष्टीत दक्षिणा मागायला गुरू हयात नव्हता, आणि शिष्याचा अंगठा शाबूत राहिला.

अंगठ्याचे कारण अगदी घरगुती आहे. दिवसा नोकरी, म्हणून सराव रात्री. नखीचा आवाज टणक, त्यात अ‍ॅम्प्लिफायर. घरच्यांची आणि शेजाऱ्यांची झोपमोड होऊ लागली. म्हणून त्याने नखी ठेवून अंगठ्याच्या मांसल भागाने तार छेडायला सुरुवात केली. आवाज मऊ झाला आणि तो मऊपणाच त्याला आवडून बसला. यात एक गंमत आहे. विजेची जोड मिळण्यापूर्वी वाद्यवृंदातल्या गिटारवाल्याला अंगठा परवडला नसता. पितळी वाद्यांच्या गदारोळात तो स्वर कोणाला ऐकूच गेला नसता. इलेक्ट्रिक गिटारीत तारेखालचा पिकअप हलका स्पर्शही उचलतो, आणि तो किती मोठा करायचा हे अ‍ॅम्प्लिफायर ठरवतो. ज्या यंत्राने तक्रार उद्भवली त्याच यंत्राने तिचा उपायही शक्य केला.

पण अंगठ्याने वाजवायचे म्हणजे वेग गमवायचा. नखी जाताना एक स्वर काढते, येताना दुसरा. वेस सुटे स्वर वाजवताना जवळजवळ सगळे आघात खालच्या दिशेनेच करी. ही उणीव तो दोन प्रकारे भरून काढी. काही स्वर तार पुन्हा न छेडता डाव्या हाताच्या बोटांनीच उमटवी. आणि उजव्या हाताची इतर बोटे गिटारीच्या अंगावर पसरून टेकवी, त्यामुळे हात जागेवर राही आणि काम करी तो फक्त अंगठा. १९६५ च्या युरोप दौऱ्यात दूरचित्रवाणीसाठी झालेले त्याचे चित्रण आज सहज पाहायला मिळते. उजव्या हाताचा अभ्यास करणाऱ्याने ते आवाज बंद करून एकदा पाहावे. अंगठा मागच्या बाजूला चांगलाच वाकतो, त्याच्या कडेला घट्टा पडलेला, खांदा मात्र सैल. आणि चेहऱ्यावर कष्टाची एक रेघ नाही.

त्याची खरी ओळख ठरली ती जोडस्वरांची. मध्य षड्ज आणि तार षड्ज एकाच वेळी वाजावेत, तसा एकच स्वर दोन सप्तकांत वाजवत तो संपूर्ण धून उभी करी. त्या दोन तारांच्या मधली तार डाव्या हाताच्या बोटाने मुकी करायची, मग अंगठा तिन्ही तारांवरून बिनधास्त फिरला तरी वाजतात दोनच. येथे त्याचा अंगठा वरच्या दिशेनेही चाले. वादनाची बांधणीही ठरलेली: आधी सुटे स्वर, मग जोडस्वर, शेवटी भरगच्च कॉर्ड.

१९४८ ते १९५० तो लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदाबरोबर हिंडला. विमानाची भीती, म्हणून लांबलांबचे पल्ले मोटारीने. पण घरी बायको होती, मुले वाढत होती (एकूण सात झाली), आणि तो इंडियानापोलिसला परतला. पुढची काही वर्षे वाचताना अंगावर काटा येतो. सकाळी सात ते दुपारी तीन कारखाना, रात्री नऊपासून एका क्लबात वादन, ते संपले की दुसऱ्या क्लबात पहाटे पाचपर्यंत. झोप कधी घेत असेल?

१९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्लीने त्याला तेथे ऐकले आणि न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड कंपनीच्या ऑरिन कीपन्यूजला गळ घातली. त्याच ऑक्टोबरात ध्वनिमुद्रण झाले. जानेवारी १९६० मध्ये मुद्रित झालेल्या ‘द इन्क्रेडिबल जाझ गिटार’ने त्याचे नाव जगभर नेले. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता.

रिव्हरसाइडचे दिवाळे निघाल्यावर तो १९६४ मध्ये व्हर्व कंपनीकडे गेला. तेथे आणि नंतर ए अँड एम कंपनीत त्याच्याकडून लोकप्रिय गाण्यांच्या धुना व्हायोलिनांच्या ताफ्यासह वाजवून घेतल्या गेल्या. ‘गोइंग आउट ऑफ माय हेड’ला ग्रॅमी मिळाले, १९६७ ची ‘अ डे इन द लाइफ’ भरपूर खपली. समीक्षक रुसले. तबकड्यांत आता जोडस्वर तेवढे होते, झेप घेणारे लांब वादन नव्हते, आणि श्रोते मैफलीतही तीच गाणी मागू लागले. समीक्षकांचे म्हणणे खोटे नाही. पण रात्रभर वाजवून सकाळी सातला कारखान्याच्या फाटकात उभ्या राहिलेल्या सात मुलांच्या बापाला त्यांनी दोष द्यावा हे मला पटत नाही. याच काळात, १९६५ मध्ये, विंटन केलीच्या चमूबरोबर ‘स्मोकिन’ अ‍ॅट द हाफ नोट’ही झाली. ती ऐकली की बोटे शिणली होती असे कोणी म्हणणार नाही.

सुबत्ता आली, पण ती भोगायला वेळ मिळाला नाही. १५ जून १९६८ रोजी इंडियानापोलिसमध्येच हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय पंचेचाळीस. जॉर्ज बेन्सन, पॅट मेथिनी अशा पुढच्या पिढीच्या वादकांनी त्याचे जोडस्वर उचलले आणि आज ते गिटारच्या कोणत्याही शिकवणीत शिकवले जातात. अंगठा मात्र फार थोड्यांनी उचलला. बहुतेक जण ते नखीनेच वाजवतात.