खडकीतून बोला, दौंडला ऐका

मांजरी बुद्रुक स्टेशनवर दौंडच्या गाडीची वाट बघताना मोबाईलची रेंज गेली, तर तुम्ही काय करता? फोन उंच धरता. हसू नका, वायरलेसमधला पहिला मोठा शोध साधारण असाच लागला होता. लावणारा होता विशीतला एक पोरगा, ज्याला विद्यापीठाची पदवीसुद्धा नव्हती : गुलिएल्मो मार्कोनी.

जन्म २५ एप्रिल १८७४, इटलीतलं बोलोन्या. वडील जमीनदार, आई आयरिश, व्हिस्कीवाल्या जेमसन घराण्यातली. विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निघतात आणि त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला पकडता येतात, हे हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं होतं. ते वाचून या पोराने घराच्या माळ्यावर खटपट सुरू केली. १८९५ मध्ये त्याने अँटेनाचं एक टोक उंच टांगलं, दुसरं जमिनीत पुरलं आणि संदेश दोनेक किलोमीटर गेला. मध्ये टेकडी होती. पलीकडे भाऊ अल्फोन्सो बंदूक घेऊन थांबलेला. संदेश पोचला की बार काढायचा, असं ठरलं होतं. बार ऐकू आला.

आता तुमच्या फ्लॅटमध्ये या. वायरमधून आलेलं इंटरनेट लहरींवर चढवणारा डबा म्हणजे ॲक्सेस पॉइंट. तो टीव्हीच्या मागे, जमिनीलगत कोंबून ठेवलाय ना? उंचावर, मोकळ्यावर ठेवा. त्याची काडी म्हणजे मार्कोनीच्या तारेची पणती. वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांब असते, म्हणून काडीही छोटी. आणि काडीचं टोक फोनकडे रोखू नका. लहरी काडीच्या अंगाने बाहेर पसरतात, टोकाच्या दिशेने सर्वांत कमी.

१८९६ मध्ये मार्कोनी आईबरोबर इंग्लंडला गेला, पेटंट घेतलं, पुढच्याच वर्षी कंपनी काढली. १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला तार बांधून, अटलांटिकपलीकडून आलेले तीन ठिपके ऐकल्याचं त्याने जाहीर केलं. ऐकणारे दोघंच, तो आणि त्याचा मदतनीस. म्हणून आजही काही जण शंका घेतात. त्या वेळी वापरलेल्या साधनाचं नातं जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या कामाशी होतं, पण मार्कोनीने त्यांना श्रेय दिलं नाही. १९०९ चं नोबेल त्याला आणि ब्राउनला मिळालं. मला विचाराल तर हा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

पण त्याची खरी कमाल पुढे आहे. लांब पोचायचं तर लहर लांब, मनोरा अजस्र आणि वीज भरमसाट हवी, असं तो वर्षानुवर्षं मानत होता. धंदा त्यावरच उभा होता. मग पहिल्या महायुद्धात तो लघुलहरींकडे वळला आणि १९२३ मध्ये 'एलेत्रा' या आपल्या बोटीवरून फिरताना त्याला कळलं, की त्या थोड्या विजेत फार दूर जातात. वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून त्या परत जमिनीकडे येतात, आणि एकाच दिशेने सोडल्या तर आणखीच बरं. बॅटरीच्या बल्बमागे चकचकीत वाटी असते ना, तसाच त्याने तारांच्या रांगेमागे तारांचाच दुसरा पडदा लावला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वतःचंच खोडून काढायचं, सोपं नव्हे!

या 'बीम'ची भारत-इंग्लंड सेवा २३ जुलै १९२७ ला सुरू झाली. आणि कुठून? आपल्या खडकीतून! पाठवणारं केंद्र खडकीला, ऐकणारं थेट दौंडला, आणि या दोहोंना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावर आपली मांजरी. इतकं लांब का? ढोलताशा पथकात उभं राहून फोनवर कुणाचं तरी बोलणं ऐकून बघा. शेजारी ताकदीचा ट्रान्समीटर धडधडत असताना लंडनचा क्षीण सिग्नल ऐकू येणार कसा? बीमचे दर इतके स्वस्त, की समुद्राखालच्या केबलवाल्यांचं गिऱ्हाईक पळालं. शेवटी १९२९ मध्ये केबल आणि वायरलेसचे धंदे एकाच कंपनीत आणावे लागले. नव्या राउटरमध्ये तीन-चार काड्या असतात, त्यांतले बरेचसे तुमच्या फोनच्या दिशेने जोर वळवतात. तोच बीम, खोलीत मावेल एवढा.

एक गोष्ट गाळता येणार नाही. १९२३ मध्येच तो फासिस्ट पक्षात गेला. मुसोलिनीने त्याला १९३० मध्ये इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष केलं. सगळ्या जगाला जोडणारं यंत्र देणाऱ्या माणसाने ही संगत धरली.

२० जुलै १९३७ ला रोममध्ये तो गेला. बातमी आली तेव्हा जगभरच्या कितीतरी वायरलेस केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण बंद ठेवलं.