कॉर्बेटसाहेबांच्या बंदुका : तारेने बांधलेली दुनळी ते चांदीची पट्टी लावलेली रायफल

तिसगाव (ता. पाथर्डी) : २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पाथर्डी तालुक्यात बिबट्याने लहान मुलं उचलून नेली, तेव्हा तिसगाव, मढी, वृद्धेश्वरच्या डोंगरपट्ट्यात दिवस मावळला की दारं लागायची. शेतात रात्रीच्या लाइटीला पाणी धरायला एकटा माणूस जात नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याकडे माणसं मारणारा बिबट्या सरकारी परवानगीने गोळी घालून मारला गेला. अशा वेळी पारावर दोन गोष्टी हमखास निघतात. एक म्हणजे अमक्याच्या वाड्यातली आजोबांच्या काळातली विलायती रायफल, आणि दुसरं जिम कॉर्बेटचं नाव. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे. कॉर्बेट यांचं आयुष्य त्यांच्या बंदुकांवरून वाचलं, तर जुनं हत्यार खरं कोणतं, खोटं कोणतं आणि त्याची किंमत कशात असते, हेही समजत जातं.

जेम्स एडवर्ड कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ ला नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. लेकुरवाळं घर, आणि जिम सहा वर्षांचा व्हायच्या आत वडील गेले. हिवाळ्यात सगळं कुटुंब खाली काळाढुंगीला यायचं, घराला लागूनच जंगल. तिथे आठेक वर्षांच्या पोराच्या हाती पहिली बंदूक आली. ती होती ठासणीची दुनळी. कुणीतरी दारू जास्त ठासल्याने तिची उजवी नळी फाटलेली होती, दस्ताही मोडलेला, आणि सगळा सांगाडा पितळी तारेने गुंडाळून बांधलेला. चालत होती ती फक्त डावी नळी. आज असलं हत्यार कुणी विकायला आणलं तर भंगारवालासुद्धा दोनदा विचार करील. पण या पोराने त्या एका नळीवर जंगल शिकून घेतलं. दारू आणि छर्रे मोजके, पुन्हा ठासायला वेळ लागणार, म्हणून नेम चुकवायचा नाही ही सवय तिथेच लागली.

पुढे दहाव्या वर्षी शाळेच्या कॅडेटमधून त्यांना .४५० बोअरची मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. (हा आकडा म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीची रुंदी, इंचात. .४५० म्हणजे अर्ध्या इंचाला थोडी कमी.) एका वेळी एकच गोळी भरायची आणि धक्का असा की मोठ्या माणसाचाही खांदा दुखावा. त्याच रायफलीने त्यांनी पहिला बिबट्या मारला.

घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांचं वय होतं न होतं तोच रेल्वेत नोकरी. नंतर बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर एका गाडीतला माल उतरवून दुसरीकडे चढवण्याचं कंत्राट त्यांनी घेतलं आणि वीसेक वर्षं हमालांबरोबर तिथेच काढली. मोकामा घाटापासून गंगेच्या खालच्या अंगाला मुंगेर आहे. मीर कासिमच्या काळापासून बंदुका घडवणारं हे गाव. तिथल्या कारागिरांचा हात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे आणि विलायती नावाचा शिक्का हुबेहूब मारून दिलेली हत्यारं त्या भागातून अजूनही पोलिसांच्या कारवाईत सापडतात. नुसतं नाव कोरलेलं आहे म्हणून बंदूक त्या कंपनीची ठरत नाही, ती यामुळेच.

कॉर्बेट यांचं नाव झालं ते १९०७ साली. चंपावतच्या वाघिणीने नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसं मारल्याची नोंद होती. लोक शेतात जात नव्हते, लाकूडफाट्याला जात नव्हते. साहेबांनी सरकारला आधी दोन अटी घातल्या : बक्षीस रद्द करा आणि बाकीचे शिकारी माघारी बोलवा. शिकारीच्या दिवशी चंपावतच्या तहसीलदाराने हाका घालायला माणसं गोळा केली. परवाना नसलेली बंदूक आणली तरी आज डोळेझाक होईल, असा निरोप त्याने आधीच फिरवला होता. झालं! २९८ माणसं जमली आणि कोणाकोणाच्या माळ्यावरची, कडब्यात लपवलेली हत्यारं बाहेर पडली.

वाघीण बाहेर आली. साहेबांच्या .५०० बोअरच्या रायफलीला तीनच काडतुसं होती, ती संपली. वाघीण जखमी, समोर, आणि हात रिकामे. त्यांनी धावत जाऊन तहसीलदाराच्या हातची बंदूक घेतली. नेम धरताना लक्षात आलं की तिची नळी आणि मागचा कुलपाचा भाग यांच्यात बोटभर नाही तरी चांगली फट पडलेली आहे. बार उडवला तर जळती दारू मागे तोंडावर येण्याची भीती. तरी त्यांनी चाप ओढला. गोळी जिथे हवी तिथे बसलीच नाही, पण वाघीण आधीच्या जखमांनी संपत आली होती.

जुनी बंदूक तपासताना जाणकार पहिल्यांदा काय बघतो, तर हीच फट. काडतूस आत गेल्यावर त्याच्या बुडाला मागून नीट आधार मिळतो की नाही, हे मापाच्या गेजने तपासतात. नळी बाहेरून आरशासारखी चकचकीत असेल आणि इथे ढिलाई असेल, तर ती बंदूक चालवणाऱ्याचाच जीव घेईल. वाड्यातली बंदूक सणाला हवेत उडवून बघू, असं म्हणणाऱ्यांनी चंपावतच्या तहसीलदाराची बंदूक ध्यानात ठेवावी.

वाघीण मेल्यावर साहेबांनी तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला, खालचा तर हाडापर्यंत गेलेला. ती जुनी जखम गोळीची होती. म्हणजे कुणीतरी नेम नसताना किंवा बिघडलेल्या हत्याराने बार टाकला, जनावर जखमी करून सोडून दिलं, आणि त्याची किंमत ४३६ घरांनी मोजली. प्रत्येक मारलेल्या जनावराचं अंग असं तपासायचं, ही साहेबांची पद्धत आयुष्यभर राहिली. नरभक्षक तोच आहे याची खात्री पटल्याशिवाय बार टाकायचा नाही, यावर ते फार काटेकोर होते.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची, बोल्टची. जर्मनीच्या पॉल माउझर यांनी १८९८ साली जी बोल्टची रचना पक्की केली, तिच्यावर रिग्बीवाले नळी आणि दस्ता चढवून शिकारी रायफली बांधत. बोल्ट उचलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवं आत. पुढे १९११ मध्ये याच कंपनीने हत्ती-गव्यासाठी .४१६ ची मोठ्या बोअरची रायफल काढली. जेफरीची .४०४, हॉलंडची .३७५ याही त्याच जमान्यातल्या. संस्थानिकांच्या वाड्यांत आणि बड्या जहागीरदारांकडे ज्या रायफली होत्या, त्यांत या नावांचा भरणा मोठा होता.

साहेबांची .२७५ त्यामानाने बारीक बोअरची. वाघासाठी ती लहान आहे असं बरेच शिकारी म्हणतील, आणि साहेबांकडेही मोठ्या कामाला जेफरीची .४५०/४०० ची दुनळी रायफल होती. पण ११ एप्रिल १९३० ला चौगडच्या नरभक्षक वाघिणीसमोर हलक्या रायफलीने त्यांना वाचवलं. त्या दिवशी त्यांच्या डाव्या हातात रातव्या पक्ष्याची दोन अंडी होती (साहेबांना पाखरांची अंडी जमवायचा नाद). एका खडकाला वळसा घालून मागे पाहिलं तर वाघीण हाकेच्या नव्हे, उडीच्या अंतरावर बसलेली. झटका दिला असता तर तिने झेप घेतली असती. त्यांनी एकाच हाताने रायफल इंच-इंच फिरवली आणि नळी तिच्यावर आल्यावर चाप ओढला. अंडीही फुटली नाहीत. जड दुनळी असती तर एका हाताने ती इतक्या सावकाश फिरवणं जमलं नसतं.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने आठ वर्षं यात्रेकरूंची वाट अडवली होती. सरकारी आकडा १२५ बळींचा. मे १९२६ मध्ये गुलाबराईला आंब्याच्या झाडावर रात्री बसून साहेबांनी तो मारला. पहिल्या महायुद्धात ते कुमाऊंची ५०० माणसं घेऊन फ्रान्सला गेले होते. काळाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे गाव विकत घेऊन त्यांनी कुळं वसवली आणि रानडुकरांपासून पिकं वाचावीत म्हणून गावाभोवती दगडी भिंत घातली. डुकरांनी ऊस नि मका लोळवलेला ज्याने पाहिला आहे, त्याला या भिंतीचं मोल वेगळं सांगायला नको. तिथली माणसं त्यांना कार्पेट साहेब म्हणत. उतारवयात त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा सिनेमाचा कॅमेरा जास्त दिसू लागला. १९३६ साली देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं त्यातही त्यांचा वाटा होता. ते आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं त्यांचं पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढलं आणि जगभर गेलं.

१९४७ च्या नोव्हेंबरात बहीण मॅगीला घेऊन साहेब केनियाला निघून गेले. १९ एप्रिल १९५५ ला न्येरी इथे त्यांचं निधन झालं. रिग्बीची ती रायफल त्यांनी प्रकाशन संस्थेकडे सोपवली होती. तिथून फिरत ती शेवटी रिग्बी कंपनीकडे परत आली.

ती खरी आहे हे ठरलं कशावरून? तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे, त्यावर भेट देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव आहे. पण पट्टी हा पुरावा एकटा पुरत नाही, कारण सोनाराकडे गेलं की अशी पट्टी अर्ध्या दिवसात तयार होते. खरा आधार नंबराचा. रायफलीच्या अंगावर, बोल्टवर आणि नळीवर जे आकडे असतात ते जुळले पाहिजेत, आणि तोच नंबर कंपनीच्या जुन्या वहीत सापडला पाहिजे. रिग्बीच्या शंभर वर्षांपूर्वीच्या वह्या टिकून आहेत. त्यानंतर इंग्लंडच्या तपासणी-घराचे शिक्के बघायचे, लंडनचे वेगळे, बर्मिंगहॅमचे वेगळे. बोल्टचा आकडा वेगळा निघाला तर तो दुसऱ्या रायफलीचा बसवलेला असतो, मग किंमतही उतरते आणि मघाची फटही येऊ शकते. हत्यार कोणाकडून कोणाकडे गेलं याची साखळी कागदावर सलग असावी लागते. साहेबांच्या जेफरी दुनळीची साखळी अमेरिकेतले बंदुकीवरचे नावाजलेले लेखक एल्मर कीथ यांच्यापर्यंत लागत होती, म्हणून २०१५ च्या लिलावात तिला दोन लाख डॉलरच्या वर भाव आला. कागद नसता तर ती एक चांगली जुनी दुनळी, इतकंच.

आणखी एक गंमत म्हणजे जुनं हत्यार घासूनपुसून नवं केलं की संग्राहकाच्या लेखी त्याचं मोल घटतं. दस्त्याला पॉलिश, नळीला नवा काळा-निळा मुलामा, असं करून कोरलेली अक्षरं बुजतात आणि खाणाखुणा जातात. नळीच्या आतली गोष्ट मात्र उलटी. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला नळी खायचा, म्हणून आत उजेड टाकून बघितल्यावर खड्डे दिसले तर दस्त्यावरची नक्षी कितीही देखणी असो, भाव पडतोच.

आपल्याकडे १९८० च्या दशकापासून परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद झाली, त्यामुळे आहेत त्या जुन्या विलायती रायफलींचा भाव चढला आणि बनावटीलाही ऊत आला. बाकी सामान्य परवानाधारकाकडे असते ती ईशापूर कारखान्याची .३१५. वारसाकडे आलेलं हत्यार परवाना नसताना घरात ठेवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. ते आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, मग वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा. निवडणुकीला बंदुका जमा करून पावती घेणाऱ्या घरांना हे ठाऊक असतं. शिकार तर १९७२ पासून बंदच आहे. नरभक्षक ठरला तरी गोळी घालायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो, वाड्यातली रायफल काढून कुणी डोंगरात जाऊ शकत नाही.

चंपावतच्या कामगिरीची ती .२७५ रायफल २०१६ मध्ये कंपनीने काही दिवसांसाठी भारतात आणली होती. काळाढुंगी-छोटी हल्द्वानीच्या लोकांना ती हातात घेऊन बघता आली. साहेबांनी गावाभोवती घातलेली दगडी भिंत जागोजागी अजून उभी आहे.